पंधरावी आधी निघते

नागपूरला परत आल्यापासून सगळे मला बर्फाबद्दल विचारतात. कसा दिसतो, हातात घेतला की काय होतं, थंडी सोसवते का. विहारातल्या अभ्यासिकेच्या वार्षिक अंकासाठी ‘अमेरिकेतल्या बर्फावर छान काहीतरी लिहून दे’ असं सांगितलं गेलं, तेव्हाही मी होकारार्थी मान हलवली. मी बहुतेक वेळा मान हलवते, म्हणून लोकांना मी शांत वाटते. मी शांत नाही, फक्त कमी बोलते. लिहायला बसले तेव्हा कळलं की बर्फातले जे तीन दिवस मला नीट आठवतात, ते रागाने आठवतात. मग तेच लिहिते. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं, त्यामुळे कुठे भाषा अडखळली तर सांभाळून घ्या.

शुक्रवार

अमेरिकेतल्या वुस्टरला एम.एस. करत होते तेव्हा सुट्टीला जायला माझं एकच घर होतं. शेजारच्या श्रूजबरी गावातलं, अरुणकाका आणि नंदाकाकूंचं. काका नात्याने माझे कोणी लागत नाहीत. ते आणि बाबा नागपूरच्या एका वसतिगृहात एका खोलीत राहिले आणि नामांतराच्या आंदोलनात दोघांनी बरोबर लाठ्या खाल्ल्या. बाबांच्या कपाळावर त्याची खूण आहे. काकांचा डावा खांदा थंडीत आखडतो. बाबा सांगायचे, अरुण घोषणा द्यायला उभा राहिला की माईक लागायचा नाही.

हे ऐकत मी मोठी झाले होते. प्रत्यक्षात भेटलेले काका मात्र हॉटेलात चुकीचा पदार्थ आला तरी तोच खायचे आणि वेट्रेसला म्हणायचे, “नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम.” शेजाऱ्याने त्याच्या दारातला बर्फ यांच्या दारात ढकलला तरी नो प्रॉब्लेम. पहिल्या थंडीत मला त्याचं हसू यायचं. नंतर नंतर येईनासं झालं.

त्यांची मुलगी करुणा सोळा वर्षांची. जन्म तिथलाच, आई-बाबांचं मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत. ती स्कीच्या शर्यती खेळायची, एका क्लबकडून. फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी न्यू हॅम्पशायरमधल्या एका डोंगरावर तिची शर्यत होती आणि मीही चलावं असं काकूंनी ठरवून टाकलं.

रस्त्याचं वर्णन करत नाही. अंधार होता आणि पुढच्या गाड्यांचे लाल दिवे होते. एवढंच सांगते की वाटेत कुठेतरी काका आरशात बघत म्हणाले, “करुणा, ही लास्ट रेस हं. पुढच्या वर्षी एसएटीची परीक्षा, कॉलेजचे अर्ज. स्की बंद. आपलं ठरलंय ना?”

“तुमचं ठरलंय,” करुणा म्हणाली. हे मात्र तिने मराठीत सांगितलं.

मोटेलच्या खोलीत काकूंनी वर्तमानपत्र पसरून घरचं जेवण मांडलं. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. मग चिवड्याचा डबा उघडला. करुणाने त्यातले शेंगदाणे वेचले, उशीवर रजई ओढून उतार केला आणि त्यावर शेंगदाणे मांडायला लागली. करुणाचं पुढचं सगळं बोलणं इंग्रजीतलं आहे, मी ते मराठीत देते.

“हे स्लालम,” ती म्हणाली. तिची दोन बोटं म्हणजे दोन स्की, शेंगदाणे म्हणजे गेटं, ज्यांच्यामधून वळत उतरायचं ते खांब. “गेट जवळजवळ, वळणं छोटी. इकडे जायंट स्लालम. गेट लांब लांब, वळणं मोठी. सुपर-जी त्याहून लांब आणि जोरात. आणि डाउनहिल...” तिने बहुतेक शेंगदाणे बाजूला सारले आणि बोटं उशीवरून सरळ खाली सोडली. “यात विचार करायला वेळ मिळत नाही. डाउनहिल आणि सुपर-जी एकदाच उतरायचं. स्लालम आणि जायंट स्लालम दोनदा, आणि दोन्ही वेळांची बेरीज. कम्बाइंड म्हणजे डाउनहिल आणि स्लालम दोन्ही. ज्याच्याकडे वेडही आहे आणि डोकंही आहे त्याच्यासाठी.”

“आधी ती गेटं खाऊन टाक, अंथरुणात मुंग्या येतील,” काकू म्हणाल्या.

“फेब्रुवारीत इथे मुंग्या नसतात, आई.”

“मोटेलात असतात.”

करुणाची शर्यत स्लालमची होती. ती कितव्या नंबरला निघते, असं मी विचारलं.

“मागे. साठीच्या आसपास.” तिने एक शेंगदाणा उचलला आणि नखाने रजईवर खोल रेघ ओढली. “आधीच्या निकालांवरून नंबर ठरतात. चांगल्या मुली आधी जातात, त्यांना कोरा बर्फ मिळतो. प्रत्येक मुलगी गेटपाशी वळते तेव्हा बर्फ खरवडला जातो. मग चर पडतो. माझी पाळी येईपर्यंत तो चर एवढा खोल. त्यात स्की माझ्या मर्जीने वळत नाही, चराच्या मर्जीने वळते. म्हणून माझी वेळ वाईट. म्हणून पुढच्या शर्यतीत मी परत मागे. म्हणून परत चर.”

ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. बर्फ मला नवीन होता, बाकी यातलं काही नवीन नव्हतं.

“पण एक गंमत आहे,” ती म्हणाली. “दुसऱ्या फेरीत पहिल्या पंधरा जणींचा क्रम उलटा करतात. पंधरावी सगळ्यांत आधी निघते, आणि पहिली आलेली पंधराव्या नंबरला.”

“का?”

“त्याच त्याच लोकांना दोन्हीदा कोरा बर्फ मिळू नये म्हणून.”

“तू कधी पंधरात आलीस?”

“तीन वर्षांत एकदाही नाही.” तिने शेंगदाणा तोंडात टाकला. “मला जिंकायचं वगैरे नाही, ताई. एकदा फक्त कोऱ्या बर्फावर उतरायचंय. माझ्याआधी कोणीच गेलेलं नाही असं.”

काका पाठ करून टीव्हीवर हवामान बघत होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येत नाही.

शनिवार

डोंगर फार उंच नव्हता. आपल्या सातपुड्यातल्या एखाद्या डोंगराला कोणी पांढऱ्या पट्ट्या ओढाव्यात तसा दिसायचा. दोन्ही बाजूंना काळी झाडं, मधल्या पट्ट्यांवर माणसं. बराचसा बर्फ आकाशातला नव्हताच. उताराच्या कडेला तोफेसारखी यंत्रं ठेवलेली, ती पाणी फवारत आणि ते पडेपर्यंत गोठत असे. विदर्भातल्या कुठल्याही गावाचा उन्हाळा त्या पाण्यावर निघाला असता, हे माझ्या मनात आलं ते आलंच.

करुणा सरावाला गेली आणि काकूंनी मला शिकणाऱ्यांच्या वर्गात ढकललं. वर्गात मी सोडून सगळी मुलं पाच-सहा वर्षांची. उतारावर परत चढायला एक फिरता दोर होता, तो धरायचा आणि तो आपल्याला वर ओढत नेतो. मी धरला. वर पोचल्यावर सोडायचा असतो, हे माहीत असून माझा हातमोजा दोरात पिळला गेला आणि मी दोराबरोबर पुढे निघाले. कोणीतरी यंत्र बंद केलं. मागे दोराला लोंबकळलेली सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. एका मुलीने मला माझी काठी आणून दिली आणि मोठ्या माणसासारखं सांगितलं, “पहिल्या दिवशी सगळ्यांचं होतं.” त्या दिवशी माझ्याशी कोणी इतकं सरळ बोललं नाही.

दुपारी जेवायला पायथ्याच्या लाकडी इमारतीत गेलो, तिला तिथे लॉज म्हणतात. वरच्या मजल्यावर शेकोटी, मोठ्या काचा, समोर सगळा डोंगर. तिथे बसायचं तर तिथलंच विकत घेऊन खायचं. घरून डबा आणणाऱ्यांसाठी तळघर. तशी पाटीच होती. तळघरात ओल्या मोज्यांचा वास, खिडकी नाही.

“वर जाऊ या की एखादं सूप घेऊन,” मी म्हटलं.

“नको बाई,” काकू म्हणाल्या. “ठेच्याचा वास पसरतो. त्यांनी काही बोलण्यापेक्षा आपणच खाली बसलेलं बरं.”

“तुम्हाला कोणी कधी बोललंय?”

“तीन वर्षांत कोणी नाही,” काका म्हणाले. “आपण तशी वेळच येऊ देत नाही. नो प्रॉब्लेम.”

तळघरात आणखीही पुष्कळ डबेवाले होते, गोरे, पोरंबाळं घेऊन आलेले, मजेत होते. पण तळघर त्यांच्यासाठी तळघर होतं. आमच्यासाठी ते आणखी काहीतरी होतं, आणि काका त्यात इतक्या सवयीने बसले होते की मला तिथे बसवेना.

जेवण टाकून मी जिन्यातले फोटो बघत उभी राहिले. जुने, पिवळे पडलेले, खाली टाइप केलेली माहिती. आधी नॉर्वेचे शेतकरी, माणसापेक्षा लांब लाकडी फळ्या आणि तोल सांभाळायला एकच सोटा. तिथे हे कौतुकासाठी नव्हतं, हिवाळ्यात शेजारच्या गावी जायला दुसरा रस्ता नव्हता. मग फळ्यांवर उभे सैनिक. मग हा प्रकार आल्प्सच्या उभ्या उतारांवर गेला आणि तिथे सुट्टीला आलेल्या इंग्रज साहेबांनी त्याचे नियम केले. नुसतं सुसाट खाली येण्याला त्यांनी काठ्या रोवून वळणं लावली आणि हातात घड्याळ घेतलं. गरजेतून आलेली गोष्ट साहेबाच्या हातात गेली की तिच्यात नंबर येतात, असं मला ते फोटो बघताना वाटलं. शेवटच्या फोटोत याच डोंगरावर घोट्यापर्यंत झगे घातलेल्या बायका स्कीवर उभ्या होत्या. खाली लिहिलं होतं की बायकांची शर्यत डोंगराच्या खालच्या अर्ध्या भागात घेत, त्यांच्या सोयीसाठी. त्यातली एकही बाई हसत नव्हती. मला त्या आवडल्या.

संध्याकाळी आमची गाडी पार्किंगमध्ये रुतली. ती ढकलताना काकांचा डावा खांदा धरला. आणि हे नुसतं दुखण्यावर राहिलं नाही, कारण त्या क्लबची एक रीत होती. प्रत्येक खेळाडूच्या घरातून एक माणूस शर्यतीच्या दिवशी पंच म्हणून गेटवर उभं राहतो. सगळे पंच म्हणजे कोणाचे ना कोणाचे आईबाप. काका तीन वर्षं उभे राहत आले होते.

“नंदा, तू?”

“मला लांबचं दिसत नाही. नको बाई ते.”

मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

रविवार

सकाळी पंचांची सभा होती. काका मला घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “ही माझी पुतणी. आज माझ्या जागी ही उभी राहील.” अर्थातच इंग्रजीत. मला ते खटकलंही नाही. लहानपणापासून मी त्यांना काका म्हणते, मग मी त्यांची पुतणी, यात सांगण्यासारखं काय होतं? करुणा मला ताई म्हणते. आमच्याकडे हे असंच असतं.

मुख्य पंच एक पिकल्या वेणीची बाई होती. तिने मला निळं जाकीट दिलं आणि काम समजावलं. उतारावर लाल आणि निळ्या लवचीक खांबांच्या जोड्या रोवलेल्या. एक जोडी म्हणजे एक गेट. खेळाडूच्या दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पाय त्या दोन खांबांमधून गेले पाहिजेत. एक स्की खांबाच्या आतून आणि एक बाहेरून गेली तर ती बाद. माझ्याकडे उताराच्या मधली चार गेटं. “अंग फक्त दिसू दे, बघायचे पाय,” ती म्हणाली. “आणि एक लक्षात ठेव. कोणी चुकली आणि थांबून तुला विचारलं ‘गो?’, तर उत्तर द्यायला तू बांधील आहेस. गेट बरोबर असेल तर ‘गो’. चुकलं असेल तर ‘बॅक’, म्हणजे वर चढून जा आणि गेट परत घे. तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. बाकी एक शब्द बोलायचा नाही.”

बाकी एक शब्द बोलायचा नाही, हे काम मला जमण्यासारखं होतं.

मी बर्फात उभी राहिले आणि पाय बघायला लागले. पहिल्या मुली सुरीने लोणी कापावं तशा गेल्या. बर्फ निळसर, कडक, त्याच्यावर स्कीची धार फिरली की कापड फाटल्यासारखा आवाज यायचा. विसाव्या मुलीपर्यंत गेटांपाशी खाचा पडल्या. चाळिसाव्यापर्यंत चर झाले. आता मुली वळत नव्हत्या, आदळत होत्या. दोघी माझ्यासमोर पडल्या. मी शुक्रवारपासून जे नुसतं ऐकलं होतं, ते आता माझ्या डोळ्यांदेखत खणलं जात होतं.

करुणा आली तेव्हा चर माझ्या पोटरीइतके खोल होते. पण ती चरात शिरलीच नाही. ती प्रत्येक गेटला थोडी आधी, थोडी वरून वळत होती, चराच्या काठावरून, जिथे कोणी गेलं नव्हतं. अंतर जास्त पडत होतं, पण स्की तिच्या मर्जीने चालत होती. माझ्या तिसऱ्या गेटला खांब तिच्या गुडघ्याला लागून आडवा झाला आणि मागे उसळला. मी पाय बघितले. दोन्ही टोकं आतून, दोन्ही पाय आतून.

खाली निकाल लागला. करुणा पंधरावी.

मी खाली पोचले तेव्हा ती जागच्या जागी उड्या मारत होती. “ताई, मी पहिली जाणार! मी पहिली!” काकूंनी तिच्या तोंडात तिळाचा लाडू कोंबला. काकाही हसले.

तेवढ्यात आम्हाला बोलावणं आलं. सोळाव्या आलेल्या मुलीच्या प्रशिक्षकाने हरकत घेतली होती. करुणाने माझ्या तिसऱ्या गेटला खांब दोन पायांमधून घेतला, असं त्याचं म्हणणं. ती बाद झाली तर त्याची मुलगी पंधरावी, आणि कोरा बर्फ तिचा.

स्की भाड्याने देतात त्या खोलीत तिघे पंच टेबलामागे बसले होते. प्रशिक्षक लाल जाकिटातला, उंच, आवाज सौम्य. तो रागावलेला नव्हता, हे मला पहिल्यांदा जाणवलं. रागावण्याची त्याला गरजच नव्हती.

“मी कोणावर आरोप करत नाही,” तो म्हणाला. “पण या तरुणीने याआधी कधी शर्यत पाहिली आहे का, मला माहीत नाही. काल ती दोराला अडकली होती.” कोणीतरी हसलं. “शिवाय ती खेळाडूच्या घरातली आहे. पुतणी, असं सकाळी सांगितलं गेलं.”

मुख्य पंचबाईने काकांकडे पाहिलं. “ही तुमची पुतणी?”

काकांचा चेहरा पडला. “म्हणजे, तशी नाही. नात्याने नाही. माझ्या मित्राची मुलगी. आमच्यात म्हणायची पद्धत आहे.”

“म्हणजे सकाळी सांगितलं ते खरं नव्हतं?” लाल जाकीट अगदी हळू म्हणालं.

मी पुतणी होते तेव्हा पक्षपाती होते. पुतणी नव्हते तेव्हा खोटारडी झाले. आणि काका, ज्यांच्या आवाजाला माईक लागत नसे ते काका, दोन्ही हात पुढे करून म्हणाले, “हे बघा, आम्हाला काही वाद नको. तुम्हाला योग्य वाटेल ते करा. हवं तर आम्ही नाव मागे घेतो. नो प्रॉब्लेम.”

मी करुणाकडे पाहिलं. ती बापाकडे बघत होती. लाडवाचा तीळ तिच्या ओठाला तसाच होता.

मला आजवर राग आला की मी गप्प होते, डोळे खाली करते आणि खोलीबाहेर जाते. त्या दिवशी दारापाशी स्कींचा ढीग होता, बाहेर जायला वाट नव्हती. मी बोलले. माझा आवाज मला परका वाटला.

“त्या डोंगरावरच्या प्रत्येक गेटवर कोणाची तरी आई किंवा बाप उभा आहे,” मी म्हटलं. “माझ्या वरच्या गेटवरच्या गृहस्थांची मुलगी चौथी आली. त्यांना कोणी विचारलं का, ती तुमची कोण? मी करुणाची कोण, हे तुम्ही दोनदा विचारलंत. मी काय पाहिलं, हे अजून एकदाही विचारलं नाही.”

पंचबाईने चष्मा काढला. “काय पाहिलंस?”

“दोन्ही टोकं आतून. दोन्ही पाय आतून. खांब गुडघ्याला लागून उसळला, बाहेरच्या बाजूने. खालून बघितलं तर तो पायांमधून आल्यासारखा दिसेल. हे गृहस्थ खाली होते.”

तिघांनी आपापसात दोन-चार वाक्यं बोलून घेतली. मग पंचबाई म्हणाली, “गेटवरच्या पंचाचा निर्णय कायम. हरकत फेटाळली.” लाल जाकिटाने नम्रपणे मान झुकवली आणि विचारलं, “दुसऱ्या फेरीत मी त्या गेटांपाशी कुंपणाबाहेर उभा राहिलो तर चालेल?” नियमात बसत होतं. चालणारच होतं.

बाहेर काका माझ्या मागे आले. “प्रज्ञा, एवढं बोलायची गरज नव्हती गं. आपल्याला इथे राहायचंय. तुला काय, तू जाशील परत.”

मी निळ्या जाकिटाची चेन ओढली आणि उताराकडे चालू लागले. उत्तर दिलं असतं तर बाबांचा मित्र मला काकांत पुन्हा बघता आला नसता.

दुसऱ्या फेरीसाठी गेटं नव्याने, उताराच्या दुसऱ्या अंगाला लावली होती. माझी जागा तीच, मधली. बर्फ धुतलेल्या पाटीसारखा, त्याच्यावर एक ओरखडा नाही. कुंपणापलीकडे लाल जाकीट हाताची घडी घालून. खाली, बऱ्याच खाली, काका-काकू, दोन ठिपके.

आणि करुणा निघाली.

मला स्कीतलं काही कळत नाही, पण मी ते पाहिलंय. ती कुठल्याच काठावरून जात नव्हती. सरळ गेटाच्या पोटातून, खांबांना हाताने बाजूला सारत, एक, दोन, तीन, आणि मागे बर्फावर तिने ओढलेली एकच बारीक रेघ. पाय बघायचं सोडून मी क्षणभर तिचं तोंड बघितलं. ते उघडं होतं. बहुतेक ती ओरडत होती.

तीन वर्षं चरात शिकलेले पाय होते ते. इतक्या गुळगुळीत बर्फावर इतका वेग त्यांनी कधी पाहिला नव्हता. माझ्या दुसऱ्या गेटला ती उशिरा वळली. डावी स्की निसटली, ती घसरत खांबाच्या चुकीच्या बाजूने खाली गेली आणि कडेच्या बर्फात थांबली. पडली नाही. मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. चष्म्यामागचे डोळे दिसत नव्हते.

“गो?” तिने विचारलं.

एका बाजूला लाल जाकीट होतं. मी गप्प राहिले असते तर ती तशीच खाली गेली असती. नंतर बाद झाली असती, पण ती उतरण तिची झाली असती. ‘बॅक’ म्हटलं तर उभ्या निसरड्या चढावर स्की आडव्या टाकत वर जायचं, सगळ्यांसमोर, घड्याळ चालू असताना. आणि या लाल माणसाला हवं तेच माझ्या तोंडून निघणार, याचा मला इतका संताप आला की तोच संताप आवाज होऊन बाहेर पडला.

“बॅक!” मी ओरडले. डोंगराने ते परत दिलं.

करुणाने एक क्षणही घालवला नाही. वळली आणि चढायला लागली. एक पाऊल, घसरण, परत पाऊल.

कुंपणाबाहेरून आवाज आला, “गुड कॉल.” लाल जाकीट माझ्याकडे बघून मान डोलावत होतं, शिक्षकाने वहीत शेरा मारावा तसं.

“तुम्हाला कोणी विचारलं?” मी त्याच्याकडे न बघता म्हटलं. इंग्रजीत, स्पष्ट.

आणि मग खालून, त्या लांबच्या ठिपक्यांतून, एक आवाज वर आला. आधी मला तो कोणाचा ते कळलंच नाही, कारण तो मी कधी ऐकला नव्हता, फक्त त्याच्याबद्दल ऐकलं होतं. श्रूजबरीचं मऊ मराठी नव्हतं ते, इंग्रजीही नव्हतं.

“चढ नं वं पोट्टी! थांबू नको! चढ!”

लॉजच्या वरच्या मजल्यावर काचांमागचे लोक उठून उभे राहिले, हे काकूंनी नंतर सांगितलं. आवाज थांबेना. “चढ! चढ!” करुणा चढली, गेटाच्या वर पोचली, ते बरोबर घेतलं आणि खाली निघाली. चुकलेल्यांची नोंद करायला दिलेल्या कार्डावर मी तिच्या नावापुढे काही खूण केली नाही. तिने गेट घेतलं होतं.

खूप जणांना हे ऐकून बरं वाटेल, काकांना आवाज सापडला वगैरे. मला तेव्हा बरं वाटलं नाही. माझ्या मनात एकच होतं, हा आवाज दुपारी त्या खोलीत कुठे होता?

शर्यत पूर्ण केलेल्यांत करुणा शेवटची आली. म्हणजे पुढच्या वेळी परत मागचा नंबर, परत चर, पुढची वेळ असलीच तर.

परत

गाडीत करुणा माझ्या शेजारी, पायांना शेक देत.

“गो म्हणाली असतीस तर?” तिने हळूच विचारलं.

“तू विचारलंस,” मी म्हटलं. माझा घसा बसला होता.

“आय नो.” ती खिडकीकडे वळली. थोड्या वेळाने म्हणाली, “अर्धा उतार, ताई. अर्धा उतार मी पहिली होते.”

पुढे काकांनी घसा खाकरला. त्यांचाही बसला होता. “तर करुणा, पुढच्या वर्षीचं आपलं जे ठरलंय, एसएटी...”

“तुम्ही गाडी चालवा,” काकू म्हणाल्या. मी त्यांना काकांचं वाक्य तोडताना याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी डब्यातला लाडू काढून मागे करुणाच्या हातात दिला आणि समोर बघत सांगितलं, “पुढच्या वर्षी गेटवर मी उभी राहणार. सकाळच्या सभेत सांगेन, मी तिची आई. बघू कोण काय म्हणतो.”

“तुला लांबचं दिसत नाही ना?” काका म्हणाले.

“चष्मा बदलते,” काकू म्हणाल्या. “आणि जेवायला वर बसायचं. ठेचा घेऊन.”